घरचा संगणक बिघडला तर

आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या पुष्कळ घरांत आता संगणक आला आहे. कोणी तो मुलांच्या अभ्यासासाठी घेतला. कोणी दूध सोसायटीचा हिशेब ठेवायला घेतला. कोणाच्या घरी तो पुण्याला नोकरीला असलेल्या मुलाने आणून ठेवला. यांतले बरेच संगणक नवे नसतात. शहरातल्या एखाद्या कचेरीने जुने म्हणून काढलेले असतात. ते थोड्या पैशांत मिळतात, आणि नीट राखले तर पुष्कळ वर्षे चालतात.

पण एक दिवस बटण दाबावे आणि संगणक सुरूच होऊ नये, असे होते. किंवा सुरू होतो आणि अर्ध्या तासाने आपोआप विझतो. घरातले म्हणतात, "बंद पडी गयं!" मग तो कोपऱ्यात जातो, आणि दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याच्या गाडीवर चढतो. तसे करण्याआधी काय बघावे, आणि कोणत्या क्रमाने बघावे, ते आपण पाहू.

संगणकाला दोन बाजू असतात. पेटी, पडदा, कळफलक, आतले पंखे, तारा हे झाले त्याचे अंग. हे हाताला लागते. दुसरी बाजू हाताला लागत नाही. ती म्हणजे या सगळ्या अंगाकडून काम करून घेणारी व्यवस्था. आपण तिला कारभारी म्हणू. वाड्यातला कारभारी कोणाला कुठे कामाला लावायचे ते ठरवतो. तसाच हा संगणकातला कारभारी. पडद्यावर काय दाखवायचे, कागद कुठे ठेवायचा, तो छापायला कधी पाठवायचा, हे सगळे तो बघतो.

बहुतेक संगणकांत विंडोज नावाचा कारभारी असतो. तो एका कंपनीच्या मालकीचा आहे. त्याची विंडोज १० ही आवृत्ती पुष्कळ जुन्या संगणकांवर होती. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी कंपनीने तिची नेहमीची देखभाल थांबवली. पुढची आवृत्ती अनेक जुन्या संगणकांना चालत नाही. अंग धडधाकट, पण कारभारी निवृत्त, अशी त्यांची गत झाली. अशा संगणकावर लिनक्स नावाचा दुसरा कारभारी बसवता येतो.

लिनक्सचा गाभा १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने लिहायला घेतला. तो फिनलंड देशात हेलसिंकी शहरात शिकत होता. त्याने आपले लिखाण कुलपात ठेवले नाही. ज्याला हवे त्याने वाचावे, सुधारावे, वाटावे, असे त्याने ठरवले. जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. आजही तो फुकट मिळतो. तुमच्या खिशात अँड्रॉइडचा मोबाईल असेल, तर त्याच्याही पोटात लिनक्सचाच गाभा आहे. म्हणजे ओळख जुनीच आहे म्हणा! आपल्या देशातल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ साली बॉस नावाचे लिनक्स काढले. त्यात मराठीही आहे. केरळातल्या सरकारी शाळांत तर मुले कित्येक वर्षे लिनक्सवरच शिकत आहेत.

आता अडचण कुठे येते ती ऐका. लिनक्सचा संगणक बिघडला की आपण तो तालुक्याच्या दुकानात नेतो. दुकानदार बघतो आणि म्हणतो, "लिनक्स आहे होय? मग सगळं पुसून विंडोज टाकावं लागेल." आपण मान हलवतो. संगणक परत येतो, पण आत साठवलेला सात-बारा, बँकेचे कागद, नातवाच्या बारशाचे फोटो, सोसायटीचा तीन वर्षांचा हिशेब, सगळे गेलेले असते. आणि मूळ बिघाड काय होता? पुष्कळदा एक सैल झालेली तार. सगळे दुकानदार असे नसतात. पण बिघाड कुठे आहे हे आपल्याला ठाऊक नसेल, तर चांगल्या कारागिरालाही आपण काही सांगू शकत नाही.

हे काम शेतकऱ्याला अवघड नाही. विहिरीवरची मोटार सुरू झाली नाही तर तुम्ही काय करता? लगेच मोटार खोलत नाही. आधी लाईट आहे का बघता. मग डीओ गेला का, फ्यूज उडाला का. मग स्टार्टर. मोटार फिरते पण पाणी चढत नाही, तर फूटव्हॉल्व्ह. बाहेरून आत, सोप्याकडून अवघडाकडे. संगणकालाही हीच रीत लावायची. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि संगणक चालू झाला, तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही.

पहिला प्रश्न : बटण दाबल्यावर दिवा लागतो का, पंखा फिरतो का?

दोन्ही नाही, तर दोष विजेच्या वाटेवर आहे. ज्या बोर्डात संगणकाची पिन आहे, त्यात मोबाईलचा चार्जर लावून बघा. मोबाईल चार्ज होत नसेल, तर संगणकाला बोल लावू नका. होत असेल तर पुढची तार बघा. ती दोन्ही टोकांना घट्ट बसली आहे का? पेटीच्या मागे, तार लागते तिथे, बहुधा एक छोटे बटण असते. झाडताना ते बंद होते आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

काही घरी मध्ये यूपीएस असतो. लाईट गेल्यावर चार-दहा मिनिटे संगणक जिवंत ठेवणारी ती पेटी. तिच्यात बॅटरी असते, आणि ती दोन-तीन वर्षांत म्हातारी होते. आपल्याकडच्या उन्हात आणखी लवकर. मग लाईट गेल्याबरोबर यूपीएस एकदा ओरडतो आणि संगणकासकट विझतो. अशा वेळी यूपीएस बाजूला करा आणि संगणकाची पिन सरळ भिंतीत लावून बघा. चालला, तर संगणक निरोगी आहे, बॅटरी बदला. जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकू नका. तिच्यात शिसे असते, आणि बॅटरीवाला तिचे पैसे देतो.

भिंतीत लावूनही काही हालचाल नाही, तर बहुधा एसएमपीएस गेला. पेटीत मागच्या बाजूला पत्र्याचा एक चौकोनी डबा असतो, तो एसएमपीएस. घरची २३० व्होल्टची वीज घेऊन तो तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करतो. आतले नाजूक भाग एवढ्याच विजेवर चालतात. हा डबा कधीही उघडू नका. पिन काढल्यावरही त्याच्या पोटात बराच वेळ वीज साठून राहते, आणि ती मोठा झटका देऊ शकते. जळका वास येतो का, त्यात पाल शिरून मेली आहे का, एवढे बाहेरून बघावे. हसू नका. खेड्यातल्या घरात उबेला पाल येते, उंदीर तारा कुरतडतो, मुंग्या घर करतात. शहरात बसून लिहिलेल्या पुस्तकांत हे दुखणे सापडत नाही.

विजेचे आणखी एक दुखणे आपल्या गावांत फार आहे. रोहित्रावर एकदम पुष्कळ भार आला की दाब पडतो, दिवे पिवळे होतात. त्या वेळी संगणक मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. रात्री अकरानंतर तोच संगणक तासन् तास नीट चालतो. असे होत असेल तर दुरुस्तीला पैसे घालू नका. रोग संगणकाचा नाही, लाईनचा आहे. वायरमनला बोलावून मीटरने दाब मोजून घ्या, आणि नंतर स्टॅबिलायझर किंवा बरा यूपीएस घ्या.

पेटीच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, अशी तक्रार बायका करतात. कारण हात लावून पुसायचे काम त्यांच्याकडेच असते! याचा अर्थ घरचे अर्थिंग नीट नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालतात, तो ओला राहावा लागतो. चैत्र-वैशाखात काळी जमीन भेगाळते, खड्डा कोरडा पडतो, आणि अर्थिंग नावापुरते उरते. तिथे आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी ओतावे. मृगाच्या आधीच्या वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या, की संगणकाची पिन भिंतीतून काढून ठेवावी. नुसते बटण बंद करणे पुरत नाही. इंटरनेटची तांब्याची तार आत येत असेल तर तीही काढावी.

दुसरा प्रश्न : पंखा फिरतो, पण पडद्यावर काहीच येत नाही?

आधी पडदाच बघा. त्याला स्वतःची वीज वेगळी लागते. त्याचा बारीक दिवा लागला आहे का? पडद्यापासून पेटीपर्यंतची तार हलली असेल. ती काढून पुन्हा घट्ट बसवा. शेजारी दुसरा पडदा असेल तर मागून आणून लावून बघा. भांडे-कुंडे मागतो तसे हेही मागावे, त्यात लाज नाही.

पडदा चांगला निघाला तर संशय रॅमवर. संगणक काम करताना जे हाताशी लागते ते रॅममध्ये ठेवतो. शिंपी कापड पुढ्यात पसरतो तसे. रॅम म्हणजे वीतभराहून लहान, हिरवी पट्टी. तिच्या काठावर सोनेरी दात असतात. त्यांच्यावर मळ साचला की संगणक मुका होतो. काही संगणक अशा वेळी टूं-टूं असा आवाज करतात. तो आवाज किती वेळा आणि लांब की आखूड, ते टिपून ठेवा.

रॅम साफ करायची रीत अशी. पिन भिंतीतून काढा. नंतर चालू करायचे बटण पाच-दहा क्षण दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. पेटी उघडा. आत हात घालण्याआधी पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावा. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत टेरिकॉटचा सदरा काढताना चटचट वाजते ना? तीच वीज तुमच्या अंगावर असते, आणि तेवढीही रॅमला पुरे होते. पट्टीच्या दोन्ही टोकांचे चाप उघडून ती सरळ वर काढा. मुलांच्या पांढऱ्या खोडरबराने सोनेरी दात हलके घासा. रबराचा चुरा कोरड्या फडक्याने पुसा. पट्टी परत बसवताना चाप कट्ट असा वाजला पाहिजे. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून संगणक चालवून बघा. औताला दोन बैल असले आणि औत वाकडे जाऊ लागले, तर एकेकाला चालवून बघतो, तसेच हे.

इथेच आणखी एक लहानसे दुखणे सांगून टाकू. मदरबोर्ड म्हणजे आतली मोठी पाटी. तिच्यावर रुपयाएवढी एक चपटी बॅटरी असते. तिच्यावर सी-आर-२०३२ असे लिहिलेले असते. वीज नसताना संगणकाचे घड्याळ ती चालवते. ती संपली की संगणक दर वेळी जुनी तारीख दाखवतो. तारखेने काय बिघडते, असे वाटेल. पण बँकेचे पान उघडताना संगणक त्या पानाच्या ओळखपत्राची मुदत तपासतो. तारीखच चुकीची, मग ओळखपत्र खोटे ठरते आणि पान उघडत नाही. लोक म्हणतात इंटरनेट बिघडले. बिघडलेले काही नसते. चहा-नाश्त्याच्या पैशांत नवी बॅटरी येते.

तिसरा प्रश्न : सुरू होतो, पण थोड्या वेळाने विझतो?

याचे उत्तर खानदेशात बहुधा एकच असते. ऊन. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. धुळेही फार मागे नसते. संगणकाच्या आत प्रोसेसर नावाचा भाग असतो. सगळी आकडेमोड तो करतो, आणि करताना तापतो. त्याच्यावर धातूच्या पात्यांचा ठोकळा आणि वर पंखा असतो. पण पंखा काही थंडी तयार करत नाही. खोलीतली हवाच तो आत ढकलतो. खोलीत ४२ अंश असतील, तर आतला भाग ४२ च्या खाली येणारच नाही. त्यात काम सुरू झाले की तो ७०, ८०, ९० असा चढतो. शंभराच्या आसपास गेला की संगणक स्वतःचा जीव वाचवायला आपोआप बंद होतो. हा बिघाड नव्हे, शहाणपण आहे.

त्यात आपल्याकडची धूळ. काळ्या मातीची बारीक धूळ, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत घरातच कापूस साठवला असेल तर त्याचे तंतू. हे सगळे पंख्यात जाऊन त्या धातूच्या पात्यांवर गोधडीसारखे बसते. वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि होळीनंतर, पेटी उघडून ते काढावे. पिन काढावी, मऊ कुंचला घ्यावा, ओले फडके नाही. पंक्चरवाल्याकडे हवेचा पंप असतो. त्याची हवा लांबून आणि हलकी मारावी, कारण त्या हवेतून पाण्याचे थेंबही येतात. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून पंखाच खराब होतो.

धूळ काढूनही तापत असेल, तर प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामधला लेप वाळला असेल. पांढरा किंवा करडा मलमासारखा लेप असतो. काही वर्षांत तो वाळून पापुद्रा होतो, आणि उष्णता वर जात नाही. तो बदलणे हे कारागिराचे काम आहे, पण फार मोठे नाही.

संगणक कुठे ठेवला आहे, हेही बघा. पत्र्याच्या खोलीपेक्षा आपली जुनी मातीच्या धाब्याची खोली कितीतरी गार असते. पेटी भिंतीला चिकटवून ठेवू नका, एक वीत मोकळी जागा सोडा. चालू पेटीवर कशिद्याचे कापड झाकू नका, ते कितीही सुंदर असले तरी. कूलरच्या समोरही संगणक ठेवू नये. खोली गार होते ते बरे, पण ओल्या हवेचा झोत सरळ पेटीत गेला की आत गंज चढतो. भर उन्हाळ्यात जड काम सकाळी किंवा रात्री करावे. दुपारी आपणही कुठे शेतात असतो?

आता लिनक्सचा मोठा गुण सांगतो. तो रोजनिशी ठेवतो. चालू झाल्यापासून कोणता भाग सापडला, कोणी उत्तर दिले नाही, कोण अडखळले, ते सगळे ओळीने लिहून ठेवतो. ही रोजनिशी कोणीही वाचू शकतो. टर्मिनल नावाची काळी चौकट उघडायची. तिच्यात एस, यू, डी, ओ ही इंग्रजी अक्षरे लिहायची. एक जागा मोकळी सोडायची. मग डी, एम, ई, एस, जी ही अक्षरे लिहून एंटरची कळ दाबायची. अक्षरे सगळी लहान लिपीतली हवीत. पासवर्ड विचारेल तो लिहा. लिहिताना पडद्यावर काही उमटत नाही, म्हणून घाबरू नका, तशीच रीत आहे.

मग पुष्कळ ओळी येतात. त्या इंग्रजीत असतात. घरातल्या शिकत्या मुला-मुलीला शेजारी बसवा. एरर, फेल्ड, टाईमआऊट असे शब्द कोणत्या भागाच्या नावापुढे पुन्हा पुन्हा येतात ते शोधा. मात्र एक लक्षात ठेवा. निरोगी संगणकाच्या रोजनिशीतही असे चार-दोन शब्द असतात. एकदा आलेला शब्द सोडून द्यावा. एकाच भागाबद्दल शंभरदा आला तर समजावे. म्हणून संगणक चांगला असतानाच एकदा ही रोजनिशी साठवून ठेवावी. वैद्यालाही निरोगी माणसाची नाडी माहीत असावी लागते, तरच आजाऱ्याची कळते.

हजेरीही घेता येते. आम्ही जन्मभर हजेरी घेतली, तेव्हा हे आम्हाला विशेष आवडते. एल, एस, यू, एस, बी ही अक्षरे लिहिली की बाहेरून तारेने जोडलेल्या वस्तूंची नावे येतात. एल, एस, पी, सी, आय लिहिले की आतल्या भागांची. समजा वायफाय चालत नाही. हजेरीत त्याचे नाव आहे का? नाव असेल तर तो भाग जागेवर आहे, पण त्याला चालवणारी लहानशी फाईल लिनक्सकडे नाही. ती इंटरनेटवरून आणावी लागते. पण इंटरनेटच नाही, मग आणायची कशी? मोबाईल चार्जिंगच्या तारेने संगणकाला जोडा आणि मोबाईलमध्ये यूएसबी टिथरिंग चालू करा. मोबाईलचे इंटरनेट संगणकाला मिळते. डेबियन या लिनक्सने २०२३ सालच्या आवृत्तीपासून अशा पुष्कळ फाईली सोबतच द्यायला सुरुवात केली, त्यामुळे हा त्रास कमी झाला आहे. हजेरीत नावच नसेल तर तो भाग सैल तरी झाला आहे, नाहीतर गेला तरी आहे. लॅपटॉप असेल तर वायफाय बंद करणारी कळ कोणाकडून चुकून दाबली गेली का, तेही बघावे. प्रिंटर आणि आवाजाचेही याच रीतीने बघावे.

आता सगळ्यात जपायची गोष्ट. हार्ड डिस्क. आपले कागद, फोटो, हिशेब जिथे राहतात ती ही कणगी. बाकी कोणताही भाग गेला तर बाजारात मिळतो. डिस्कमधले आपले कागद बाजारात मिळत नाहीत.

जुन्या डिस्कमध्ये तबकडी फिरते. ती जायला लागली की खूण देते. टक-टक असा आवाज येतो. एक कागद उघडायला पाच-पाच मिनिटे लागतात. रोजनिशीत आय-ओ एरर असे शब्द रांगेने येतात. नव्या जातीच्या डिस्कला एसएसडी म्हणतात. तिच्यात फिरणारे काही नसते, म्हणून ती आवाज न करता एकदम जाऊ शकते. दोन्ही जाती आपल्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवतात. लिनक्समध्ये डिस्क्स नावाचा कार्यक्रम असतो. त्यात स्मार्ट या नावाखाली ती नोंद बघता येते. तिथे खराब जागांचा आकडा आठवड्या-आठवड्याला वाढत असेल, तर डिस्क निघाली असे समजावे.

अशा वेळी पहिले काम दुरुस्तीचे नाही. पहिले काम, हाताला लागेल ते दुसरीकडे उतरवून घेण्याचे. पेनड्राइव्ह असो, दुसरी डिस्क असो. दुरुस्तीचे प्रयोग करत बसले तर मरणाऱ्या डिस्कला आणखी पळवल्यासारखे होते. कागद उतरवून झाले की मग संगणक बंद करून डिस्कच्या तारा काढून पुन्हा बसवा. तार सैल असली तरी अगदी असेच शब्द रोजनिशीत येतात, आणि कधी कधी तेवढ्यावरच भागते.

लाईट अचानक जाऊन संगणक विझला, आणि पुन्हा लावल्यावर पडद्यावर काळ्या पाटीवर पांढऱ्या ओळी आल्या, तर डिस्क गेली असे लगेच समजू नका. लिनक्स चालू होताना आपल्या वह्या तपासतो, अर्धवट राहिलेली नोंद पुरी करतो किंवा खोडतो. त्याला वेळ द्या. मध्येच बटण दाबू नका. काही विचारून थांबला, तर पडद्याचा मोबाईलवर फोटो काढा आणि जाणत्याला दाखवा.

एक प्रत दुसरीकडे असावी, हे आपल्या भागाला नव्याने सांगायला नको. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या माणसांनी कागदावर टिपून ठेवली होती. बहिणाबाई १९५१ साली वारल्या, आणि १९५२ साली ती गाणी छापून निघाली. टिपलेली नसती तर त्यांच्याबरोबरच गेली असती.

आता अंगाचा दोष की कारभाऱ्याचा, हे ओळखायची एक युक्ती. लिनक्स नुसत्या पेनड्राइव्हवरूनही चालतो. आतल्या डिस्कला हात न लावता! ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. संगणक चांगला असतानाच जाणत्याकडून त्यावर उबंटू, मिंट किंवा डेबियन यांपैकी एक लिनक्स चढवून घ्या, आणि तो देव्हाऱ्याच्या कप्प्यात जपून ठेवा. संगणक बिघडला की तो लावा आणि चालू करताना एफ-१२ किंवा त्या संगणकाची जी कळ असेल ती दाबा. यादीतून पेनड्राइव्ह निवडा. पेनड्राइव्हवर संगणक नीट चालला, आवाज आला, वायफाय लागले, तर अंग निरोगी आहे. दोष डिस्कमध्ये, नाहीतर आतल्या कारभाऱ्यात. पेनड्राइव्हवरही तसाच अडखळला, तर बहुधा अंगातच दोष आहे. आणि आतला कारभारी उठत नसला, तरी या पेनड्राइव्हच्या आधारे पुष्कळदा डिस्कवरचे कागद बाहेर काढता येतात.

इथे एक जपा. पडद्यावर दोन गोष्टी विचारतात. नुसते वापरून बघायचे, की आत बसवायचे? नुसते वापरून बघायचे, हेच निवडा. इन्स्टॉल असा शब्द असेल तिथे हात लावू नका. त्याने डिस्क पुसली जाऊ शकते.

रॅमचा संशय राहिला असेल तर अशा काही पेनड्राइव्हच्या यादीत मेमरी टेस्ट असते. ती संध्याकाळी लावावी आणि रात्रभर चालू द्यावी. सकाळी लाल ओळी दिसल्या तर पट्टी खराब.

इतके करून मग दुकान. जळगावला गोलाणी मार्केटात किंवा धुळ्याला भाग मिळतात. जाण्याआधी एका कागदावर लिहा. बिघाड कधीपासून आहे, दिवसा होतो की रात्री, सुरू केल्यावर किती वेळाने होतो, काय काय बदलून बघितले, रोजनिशीतले शब्द कोणते. पडद्याचे फोटो मोबाईलमध्ये असू द्या. कारागिराला सरळ सांगा, "दादा, डिस्क पुसायची नाही. आधी मला विचारा." ज्याला काम येते तो याने रागावत नाही. उलट त्याचा अर्धा वेळ वाचतो.

दोष एसएमपीएसचा, पंख्याचा किंवा रॅमचा आहे असे नक्की झाले असेल, तर डिस्क दुकानात पाठवायचीच कशाला? चार स्क्रू आणि दोन तारा काढल्या की ती हातात येते. ती कोरड्या कापडात गुंडाळून घरी ठेवा. कारागिराकडे तपासायला त्याची डिस्क असतेच. नवा भाग बसवून घेतला की पावती घ्या, आणि काढलेला भाग मागून आणा. रॅमची एक चांगली पट्टी उरली असेल तर ती कागदात गुंडाळून, वर तारीख लिहून, पेनड्राइव्हशेजारी ठेवा. शेजाऱ्याचा संगणक मुका झाला की ती उपयोगी पडते.